दोन आण्यांची मालकी

‘सगळं घर कशाला घ्यायचं? वर्षातून चार-सहा आठवडे जाणार. मग तेवढंच घ्या ना.’ परदेशातल्या सुट्टीच्या घराचा आठवा हिस्सा विकणाऱ्याचं हे पहिलं वाक्य असतं आणि ते बिनतोड वाटतं. म्हणूनच त्याचा प्रतिवाद करायला हवा. तद्दन फसवी जाहिरात आपल्या मरणाने मरते. शहाण्या, हिशेबी माणसाला पटणारा युक्तिवाद मात्र आपोआप मरत नाही.

पुण्यातल्या विश्रांतवाडी, टिंगरेनगर, धानोरी, कळस या पट्ट्यात हा युक्तिवाद सध्या चांगला खपतो आणि त्याला कारण आहे. आळंदी रोडवरच्या संरक्षण संशोधन संस्था, खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी, बॉम्बे सॅपर्स, लोहगावचा हवाई तळ अशा ठिकाणी उभी हयात काढून निवृत्त झालेली माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. पेन्शन चालू, फंडाचे पैसे बँकेत, फ्लॅट स्वतःचा, निदान एक अपत्य परदेशात. कुणाचं देणं ठेवायचं नाही आणि दिलेल्या शब्दाला जागायचं, ही सवय अंगात मुरलेली. हप्ता किंवा वार्षिक फी चुकवणार नाही असं गिऱ्हाईक विकणाऱ्याला हवं असतं. ते इथे आयतं मिळतं.

मी इथेच लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देते. लोक माझ्याकडे सही झाल्यावर येतात, सहीच्या आधी नाही. हा माझा जुना राग आहे आणि तो या लेखात मधूनमधून डोकावेल. पण ओळखीतले एक काका, निवृत्त अभियंते, मध्यंतरी सहीच्या आधी आले, तेही सल्ला मागायला नव्हे, वाद घालायला. भूमध्य समुद्राकाठच्या एका व्हिलाचं माहितीपत्रक, कराराचा मसुदा आणि स्वतः मांडलेलं गणित, तिन्ही फायलीत लावलेलं. काकांचे मुद्दे ऐऱ्यागैऱ्याचे नव्हते. ते एकेक करून घेते. विक्रेत्याचं नाव महत्त्वाचं नाही आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

आधी गणित. हिस्सा ६० लाखांचा, वार्षिक देखभाल अडीच लाखांची, वापर सहा आठवडे. काकांनी अडीच लाखांना सहाने भागलं, आठवड्याला चाळीस-बेचाळीस हजार आले आणि शेजारी लिहिलं, ‘हॉटेलपेक्षा स्वस्त’. आता हे ६० लाख बँकेत ७ टक्क्यांनी पडून राहिले असते तर वर्षाला ४ लाख २० हजार व्याज आलं असतं. ते सोडून दिलं, म्हणजे तो खर्चच. एकूण झाले ६ लाख ७० हजार. सहाही आठवडे वापरले तर आठवडा १ लाख १२ हजारांच्या आसपास पडतो. पण साठी-पासष्टीतलं जोडपं दर वर्षी सहा आठवडे त्याच गावी, त्याच घरी, स्वतः स्वयंपाक करत राहणार आहे का? दोन आठवडे जाईल. मग आठवडा पडला ३ लाख ३५ हजारांना, विमानभाडं वेगळं. एवढ्या पैशात त्याच किनाऱ्यावर अख्खा व्हिला भाड्याने मिळेल आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या देशात जायची मोकळीक राहील. उरलेले आठवडे भाड्याने देऊ, असं काका म्हणाले. द्या की. पण ते भाडं इथल्या विवरणपत्रात दाखवायचं, तिथे कर कापला गेला असेल तर त्याची सवलत मिळवायला वेगळा फॉर्म भरायचा, आणि भाडेकरू आणणारी संस्था आपलं कमिशन आधी काढून घेणार. माहितीपत्रकातला भाड्याचा आकडा यातलं काहीही वजा न करता छापलेला होता.

दुसरा एक साधा गुणाकार काकांनी केलाच नव्हता. ६० लाख गुणिले आठ म्हणजे ४ कोटी ८० लाख. हेच घर अख्खं विकायला काढलं तर त्या गावात किती येतील? घाऊक माल किरकोळीत विकला की त्यावर नफा चढतो, हे मंडईतली भाजीवालीही जाणते. घर विकत घेऊन सजवायचं, आठ तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यावर आपला वाटा ठेवायचा, हाच या धंद्याचा गाभा आहे. त्यात बेकायदा काही नाही. पण मग ‘गुंतवणूक’ म्हणू नये. पहिल्याच दिवशी हातातली वस्तू भरलेल्या पैशांपेक्षा कमी किमतीची झालेली असते.

आता माझ्या मते या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट. सामायिक घर म्हणजे काय, हे मराठी माणसाला स्पेनच्या किंवा इटलीच्या किनाऱ्यावरून शिकायची गरज नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्यांचं मूळ घर आहे त्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या भोगलंय. जुन्या कागदांत हिस्से आणे-पैत लिहीत. सोळा आण्यांच्या घरात तुमचे दोन आणे, म्हणजे बरोबर आठवा हिस्सा. गणपतीला सगळ्यांना यायचं असतं. मे महिन्यात आंब्याला सगळ्यांना यायचं असतं. जूनच्या आधी कौलं परतायची, वाळवी लागलेला वासा बदलायचा, पंपाची मोटर बांधून घ्यायची, तेव्हा मुंबईचे भाऊ फोन उचलत नाहीत आणि पुण्याचे भाऊ ‘तू कर, मग हिशेब बघू’ म्हणतात. मागच्या पडवीचं छप्पर एका बाजूने बसतं आणि पाच वर्षं तसंच राहतं, कारण ती पडवी नक्की कुणाच्या वाट्याची हे ठरलेलं नसतं. शेवटी कुणीतरी वाटपाचा दावा लावतो. जो माणूस सख्ख्या चुलतभावाबरोबर मालवणचं घर सांभाळू शकला नाही, तो सात अनोळखी माणसांबरोबर समुद्रापारचं घर सांभाळायला निघतो, तेव्हा मला खरंच आश्चर्य वाटतं.

यावर विक्रेत्याचं उत्तर तयार असतं. ‘म्हणून तर व्यवस्थापन कंपनी आहे. भांडणाचा प्रश्नच नाही.’ बरोबर, भांडणाचा प्रश्न नाही, कारण भांडायचा हक्कच काढून घेतलेला असतो. कोकणातल्या दोन आणेवाल्याला निदान न्यायालयात जाऊन वाटप मागता येतं. घराचे तुकडे होण्यासारखे नसतील तर ते विकून पैसे वाटून देण्याची तरतूद १८९३च्या पार्टिशन अ‍ॅक्टपासून आपल्याकडे आहे. काकांच्या मसुद्यात वाटप मागण्याचा हक्क सोडून दिल्याचं कलम होतं. देखभालीची फी व्यवस्थापक ठरवणार, रंग कधी काढायचा, गाद्या कधी बदलायच्या हेही तोच ठरवणार. त्याला काढायचं तर हिस्सेदारांचं ठरावीक बहुमत हवं, आणि इतर हिस्सेदारांची नावं-पत्ते तर त्यालाच ठाऊक. दोन आणे मालकी आणि शून्य पै अधिकार, असा हा सौदा.

तारखांचंही तसंच. ‘युरोपातल्यांना ऑगस्ट हवा असतो, तुम्हाला मे. टक्कर होणारच नाही,’ असं काकांना पटवलं होतं. युक्तिवाद हुशार आहे. पण विक्रीचा मेळावा पुण्यात भरतोय, त्याच आठवड्यात मुंबईत भरतोय, नाशकातही जाहिरात आहे. मग उरलेले हिस्सेदार कोण असणार? सगळ्यांच्या नातवंडांना सुट्टी मे महिन्यातच.

आता ‘मालकी’. हे तीन अगदी वेगळ्या वस्तूंना लावलेलं एकच लेबल आहे. एक, तिथल्या नोंदणीत सहमालक म्हणून तुमचं नाव. दोन, घर एका कंपनीच्या नावावर आणि त्या कंपनीत तुमचा हिस्सा. अमेरिकेत २०२० साली सुरू झालेल्या पकासोने हीच पद्धत, नेमकी आठव्या हिश्शाची, गाजवली. तीन, फक्त ठरावीक आठवडे राहायचा हक्क, म्हणजे जुना टाइमशेअर. माहितीपत्रकात या तिन्हींचे फोटो सारखेच असतात: निळं पाणी, पांढरी गच्ची, दोन ग्लास. भारतात कायदा मात्र तिन्हींना वेगळा लागतो आणि इथे माझ्या धंद्याचा भाग येतो. थोडा रुक्ष आहे, पण ज्याच्या पायी लोक रडत येतात तो हाच.

परदेशी पैसे पाठवायची मुभा रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली आहे, एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर. २००४मध्ये ही योजना २५ हजार डॉलरने सुरू झाली. २०१३मध्ये रुपया घसरला तेव्हा रिझर्व्ह बँकेने मर्यादा ७५ हजारांवर आणली आणि या मार्गाने परदेशात स्थावर घेणं बंदच केलं. म्हणजे आज उघडं असलेलं दार एका परिपत्रकाने मिटू शकतं, आणि तेव्हा तुमची वार्षिक देणी तिथे चालूच राहतील. या पैशासाठी बँकेला तुम्हाला कर्ज देता येत नाही. स्वतःचाच पैसा लागतो. तेव्हा ‘सोपे हप्ते’ कुणी म्हणालं की कान टवकारावेत.

त्यात टीसीएस, म्हणजे उगमाशीच गोळा केला जाणारा कर. १ एप्रिल २०२५पासून वर्षाला १० लाखांच्या वर अशा कामासाठी पैसे पाठवले की वरच्या रकमेवर बँक २० टक्के कापून घेते. ६० लाख एकट्याने पाठवले तर १० लाख बाजूला. नवरा-बायकोने तीस-तीस पाठवले तरी ८ लाख. हा जादा कर नव्हे, विवरणपत्रात वळता होतो, हे खरं. पण ज्या पेन्शनरचा वर्षाचा करच लाखभर आहे त्याला उरलेल्या रकमेच्या परताव्याची वाट पाहत बसावं लागतं. विक्रेत्याच्या कागदावर या रकमेचा उल्लेख ‘लागू असल्यास शासकीय शुल्क’ एवढाच होता.

मग दर वर्षीचं विवरणपत्र. परदेशी मालमत्ता ‘शेड्यूल एफए’मध्ये दाखवावी लागते, उत्पन्न शून्य असलं तरी. २०१५च्या काळा पैसा कायद्याखाली ती न दाखवल्याचा दंड १० लाख रुपये आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून २० लाखांपर्यंतच्या छोट्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, पण स्थावर मालमत्ता त्या सवलतीतून स्पष्टपणे वगळलेली आहे. म्हणजे ज्याच्या नावावर तिथल्या घराचा इवलासा तुकडा आहे त्यालाही सुटका नाही. ज्यांनी आयुष्यभर फॉर्म सोळा आणला आणि पाच मिनिटांत विवरणपत्र भरलं, त्यांना हे कुणी सांगत नाही. सांगितलं तर खुर्चीतून उठतील.

हिस्सा कंपनीतला असेल तर गुंता आणखी वाढतो. २०२२च्या परदेशी गुंतवणूक नियमांप्रमाणे शेअर बाजारात नोंद नसलेल्या परदेशी कंपनीचं भागभांडवल घेणं ही ‘थेट परदेशी गुंतवणूक’ ठरते. आठवा हिस्सा म्हणजे साडेबारा टक्के, दहाच्या वर. मग दर वर्षी ३१ डिसेंबरच्या आत त्या कंपनीचा वार्षिक अहवाल बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडे द्यायचा. शिवाय नियमांना ती कंपनी खऱ्याखुऱ्या व्यवसायात असावी लागते. फक्त एक व्हिला बाळगणारी आणि मालकांना त्यात राहू देणारी कंपनी खऱ्याखुऱ्या व्यवसायात आहे का? हा प्रश्न मी काकांमार्फत विचारला. उत्तर आलं, ‘आमचे शेकडो समाधानी ग्राहक आहेत.’

‘पण आता अशा हिश्शांना सेबीची मान्यता आहे ना?’ हा काकांचा तिसरा मुद्दा. अर्धसत्य किती बेमालूम बसवता येतं त्याचा हा नमुना. मार्च २०२४मध्ये सेबीने छोट्या रिट्ससाठी, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून मालमत्तेत गुंतवणाऱ्या न्यासांसाठी, नियम आणले, हे खरं. ते ५० ते ५०० कोटींच्या मालमत्तेसाठी आहेत, किमान गुंतवणूक १० लाखांची, आणि पंचाण्णव टक्के पैसा बांधून पूर्ण झालेल्या, भाडं देणाऱ्या मालमत्तेत असावा लागतो. ऑफिसं, गोदामं वगैरे. परदेशातल्या व्हिलात तुम्ही मे महिन्यात राहायला जाण्याशी या नियमांचा काडीचा संबंध नाही. टाइमशेअरसाठी वेगळा असा कायदा तर आपल्या देशात आजही नाही.

सेबीचं नाव निघालंच आहे तर पॅनकार्ड क्लब्जचं घ्यावं लागेल. पुण्यात हे नाव समजावून सांगावं लागत नाही. बाणेरच्या टेकडीवरचा त्यांचा क्लब लोकांनी लग्नकार्यात पाहिलेला आहे. एजंट म्हणजे आपलेच मेहुणे, शेजारी, बँकेतले जुने सहकारी. विकायचे काय, तर हॉटेलातल्या खोलीच्या रात्री. पैसे आज भरा, रात्री नंतर वापरा, आणि नाही वापरल्या तर मुदतीअखेर वाढीव रक्कम परत घ्या. बहुतेकांनी ‘नाही वापरल्या तर’साठीच पैसे भरले. सेबीने ३१ जुलै २०१४ रोजी नवे पैसे घेण्यावर बंदी घातली. ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे असं ठरवून २९ फेब्रुवारी २०१६ रोजी परतफेडीचा आदेश दिला. गुंतवणूकदार ५१ लाखांहून अधिक, रक्कम ७ हजार कोटींच्या वर. २०१७मध्ये अपील फेटाळलं गेलं, २०२२मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. माझ्याकडे आजही एक आजी त्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतात आणि ‘यांचं काही होतंय का गं’ म्हणून विचारतात.

काका यावर चिडले. ‘ती योजना होती. हे खरं घर आहे. गुगलवर दिसतंय.’ त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. दोन्ही गोष्टी एक नव्हेत आणि मीही त्या एक आहेत असं म्हणत नाही. पण काका, हॉटेलं तिथेही खरीच होती. माणसाचा पैसा अडकतो तो घर खोटं असल्यामुळे नव्हे, परत विकायला गेल्यावर घेणारा नसल्यामुळे. वीट-सिमेंट खरं असून काय होतं ते आपण लवासात पाहिलंय. तिथलं दासवेचं गाव इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर बांधलं, रंगीत इमारती तळ्याच्या पाण्यात दिसायच्या, सगळं अगदी खरं. ऑगस्ट २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेली. ते पोर्तोफिनो पुण्यापासून गाडीने दीड-दोन तासांवर होतं. रविवारी जाऊन निदान कुलूप तरी हलवून बघता येत होतं.

युरोपात तरी कायदा कडक आहे, असं सांगितलं जातं. आहे, आणि तो कडक का झाला हे पाहण्यासारखं आहे. सुट्टीच्या घराचे हिस्से विकायची कल्पना तिथे १९६०च्या दशकातली. स्वित्झर्लंडची हापिमाग १९६३मधली. पुढे स्पेनच्या किनाऱ्यावर पर्यटकांना गाठून, सभागृहात तासन्‌तास बसवून सह्या घेण्याचा असा काही उच्छाद झाला की युरोपीय संघाला १९९४मध्ये आणि पुन्हा २००८मध्ये निर्देश काढावे लागले. १४ दिवसांत कारण न देता करार मोडायचा हक्क, आणि त्या १४ दिवसांत एक पैसाही आगाऊ घ्यायला बंदी. २०१५च्या जानेवारीत स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने पन्नास वर्षांहून अधिक किंवा कायमस्वरूपी मुदतीचे करार रद्दबातल ठरवले. ‘आयुष्यभर’ या शब्दाचं आकर्षण दाखवून विकलेल्या गोष्टीतून सुटण्यासाठी लोक न्यायालयात गेले होते, हे विसरू नये. बरं, हे संरक्षण तुम्हाला मिळेल का? करारावर सही विमाननगरच्या हॉटेलात, पैसे घेणारी कंपनी तिसऱ्याच देशात नोंदलेली, आणि वाद कुठल्या न्यायालयात चालेल ते कलम सव्वीसच्या पोटात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्हाला पुण्यात राहून ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ही मोठी सोय आहे. पण आदेश हातात पडल्यावर वसुली कशातून करणार? इथे कंपनीचं असतं काय, तर भाड्याचं ऑफिस आणि भाड्याच्या खुर्च्या.

त्या सभागृहाबद्दल दोन शब्द. मी एकदा एका पक्षकाराबरोबर गेले होते. नवरा-बायको दोघांनी येणं सक्तीचं, कारण ‘घरी विचारून सांगतो’ ही पळवाट बंद करायची असते. गोल टेबलं, संगीत इतकं मोठं की शेजारच्या टेबलावरचा प्रश्न तुम्हाला ऐकू येऊ नये. मध्येच घंटा वाजते, सगळे विक्रेते टाळ्या पिटतात, कुणा जोडप्याचं अभिनंदन होतं. तासाभराने कोऱ्या सुटातला ‘मॅनेजर’ येऊन बसतो, तुमच्या विक्रेत्याला तुमच्यादेखत दटावतो आणि खास तुमच्यासाठी भाव उतरवतो. तो भाव आजच्यापुरता. कराराची प्रत घरी न्यायला मागितली तर ‘सिस्टिममधून निघत नाही’. माझ्या पक्षकाराने तरीही टोकन भरलं. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘मुलगा इतका धडपडत होता, नाही म्हणवेना.’ पुणेरी माणूस हटवादी असतो म्हणतात. त्या टेबलावर बसवून पाहा एकदा.

मग तो ‘युरोपातलं तुमचं घर’ हा मथळा. स्वतःच्या घरी जायला दर वेळी व्हिसा काढावा लागतो, असं घर. हिस्सा घेतल्याने राहण्याचा परवाना मिळत नाही. पूर्ण घर घेणाऱ्यांसाठी ज्या सवलती होत्या त्याही आटत चालल्या आहेत. पोर्तुगालने २०२३मध्ये स्थावर मालमत्तेचा मार्ग बंद केला, स्पेनने एप्रिल २०२५मध्ये गोल्डन व्हिसाच संपवला. दुबईत तो मिळतो, पण त्यासाठी किमान २० लाख दिरहमची मालमत्ता लागते. काकांचे दोन आणे त्याच्या जवळपासही जात नाहीत.

काकांचा सर्वांत भक्कम मुद्दा रुपयाचा होता आणि तो मी अर्धा मान्य करते. २०१५मध्ये डॉलर चौसष्टच्या आसपास होता, २०२५मध्ये पंच्याऐंशीच्या वर गेला. परदेशी चलनातली मालमत्ता जवळ असावी, हे ठीक आहे. पण त्याच हिशेबाने तिथली वार्षिक फीसुद्धा परदेशी चलनात आहे आणि पेन्शन रुपयात. रुपया पडला की मालमत्तेची किंमत कागदावर वाढते आणि फी खिशातून वाढते. कागदावरची वाढ हाती यायला हिस्सा विकला जायला हवा. परदेशी चलनच हवं असेल तर त्याच मुभेतून परदेशी निर्देशांकाचा फंड घेता येतो. तो विकायला सात जणांची संमती लागत नाही आणि त्याच्या गाद्या बदलाव्या लागत नाहीत.

परदेशात भागीत घर घेऊच नये, असं मात्र माझं म्हणणं नाही. २०२२चे नियम परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाबरोबर संयुक्तपणे घर घ्यायला मुभा देतात. मुलगा तिकडे आहे, त्याला घर घ्यायचंच आहे, आईवडील काही भाग घालतात आणि वर्षातून दोन महिने जाऊन राहतात, हा व्यवहार मला समजतो. सहमालक ओळखीचा, गळती लागली तर तो तिथे आहे, विकायचं झालं तर अख्खं घर विकता येतं. पण तिथेही वकील हवा. अमेरिकेचा रहिवासी किंवा नागरिक नसलेल्या माणसाच्या तिथल्या मालमत्तेवर, तो वारल्यावर, ६० हजार डॉलरच्या वरच्या भागाला वारसाकर लागू शकतो, ४० टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे तो १९८५मध्येच गेला, म्हणून कुणाच्या डोक्यातच येत नाही.

‘मुलांना काहीतरी ठेवून जावं,’ हे काका शेवटी म्हणाले, आणि इथे त्यांचा आवाज वादाचा नव्हता. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी धानोरीत. मी त्यांना मसुद्यातलं वारसांचं कलम वाचून दाखवलं: हिस्सा वारसांकडे जाईपर्यंत फी चालू, थकली तर वापराचा हक्क स्थगित, थकबाकीवर व्याज, आणि हस्तांतराचा तिथला सगळा खर्च वारसांचा. म्हणजे धानोरीच्या मुलीने वडिलांच्या पश्चात परक्या देशात वकील लावायचा, तो खर्च अर्धा स्वतः आणि अर्धा भावाकडून उभा करायचा, आणि मग दोघांनी आणखी सात जणांशी तारखा ठरवायच्या. दोन आण्यांतला एकेक आणा. माझ्या माहितीत गावच्या घराची भांडणं याच्याहून बऱ्या कागदपत्रांवर झालेली आहेत.

मसुदा अजून माझ्याकडे आहे. बाहेर पडण्याच्या कलमात ‘कंपनी पुनर्विक्रीस सहकार्य करण्याचा प्रयत्न करील’ एवढंच लिहिलंय. मी काकांना म्हटलं, बाकी सगळं सोडा, त्यांच्याकडून एका ओळीत लिहून आणा की तीन वर्षांनी हा हिस्सा ते स्वतः किती रुपयांना परत घेतील. आकडा, तारीख, सही. काकांनी त्याच संध्याकाळी ईमेल केला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: सध्याची ऑफर रविवारपर्यंतच आहे.